कारण सांगणारा डगी

माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. नवरा म्हणतो, "अगं, सोड आता. एका हौशी क्लबातली गोष्ट ती, किती मनाला लावून घेशील?" मी सोडणार नाही. मी कोल्हापूरची आहे. आमच्या पेठेत फुटबॉलवरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि डगीचं जे केलं या लोकांनी ते मी इतक्यात विसरू होय?

डगी म्हणजे माझ्या मुलीच्या टीमचा कोच. मूळचा स्कॉटलंडचा. साठी ओलांडलेला, चेहरा लालबुंद, केस पिकलेले, आणि जानेवारीच्या गारठ्यातसुद्धा हाफ पँट. उजव्या गुडघ्यावर ऑपरेशनचा लांबलचक व्रण होता आणि चालताना तो पाय जरा ओढायचा. इथे हॉलंडमध्ये झुइडास या बँका-ऑफिसांच्या भागातल्या काचेच्या उंच इमारती मागे टाकून मेट्रोने थोडं पुढे आलं की आमचा क्लब लागतो. तिथे तो अकरा वर्षांखालच्या मुलींना शिकवायचा. तरुणपणी व्यावसायिक खेळाडू, मग देशोदेशीचा कोच आणि शेवटी या पोरींचा कोच. क्लबातले लोक हे सांगताना असा चेहरा करायचे की बिचारा घसरत घसरत इथवर आला. तो स्वतः तसं अजिबात मानत नव्हता. "आयुष्यात पहिल्यांदा मला ऐकून घेणारे खेळाडू मिळालेत," असं तो म्हणायचा.

माझी त्याची ओळख झाली ती चहावरून. इथले क्लब आईबापांच्या जिवावर चालतात. कुणी टीमचे कपडे धुवायचे, कुणी दुसऱ्या गावच्या मॅचला गाडी काढायची, कुणी कॅन्टीनच्या काउंटरला उभं राहायचं. माझ्या वाट्याला शनिवार सकाळचं काउंटर आलं. पहिल्याच शनिवारी हा माणूस आला आणि चहा मागितला. इथल्या रिवाजाप्रमाणे मी काचेच्या ग्लासात गरम पाणी आणि बशीत टी-बॅग ठेवली. त्याने त्या ग्लासाकडे असं बघितलं की मीच त्याचा अपमान केलाय.

"तू भारतातली ना?"

"हो."

"मग हे तू करतेस? इथल्यांनी केलं तर मी समजू शकतो. त्यांना माहीत नाही. पण तू?"

मलाही झोंबलं. म्हटलं, थांब लेका. आत जाऊन पातेल्यात दूध-पाणी उकळलं, घरून आणलेल्या पुडीतली चहा पावडर दणकून टाकली, साखर घातली आणि मगभर चहा त्याच्यासमोर आदळला. तो उभ्याने प्यायला, रिकामा मग काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "बरा आहे." मी आणखी चिडले. नंतर ईराने, म्हणजे माझ्या मुलीने, मला समजावलं की डगी 'बरा' यापेक्षा वर कधी जातच नाही. तिने मैदानाच्या मधून गोल मारला होता त्यालाही तो 'बरा' म्हणाला होता. त्यानंतर मात्र दर शनिवारी तो काउंटरच्या टोकाला उभा राहून माझा चहा प्यायचा आणि मला कोल्हापूरच्या मॅचेसबद्दल विचारायचा. पेठापेठांतलं वैर, मैदानाबाहेरच्या झाडांवर चढून बघणारी माणसं, हरलेल्या टीमच्या गल्लीत दोन दिवस कुणी मोठ्याने बोलत नाही, हे सगळं ऐकून तो एकदा म्हणाला, "म्हणजे तू माझ्याच गावची आहेस की!"

जाऊन-येऊन तीस-एक वर्षं या देशात काढूनही त्याचं डच असं होतं की समोरचा डच माणूस दोन वाक्यांत कंटाळून इंग्रजीत शिरायचा. डगीला त्याचा भयंकर संताप. तो हट्टाने डचमध्येच बोलत राहायचा. तो डच आणि समोरचा इंग्रजी, अशी जुंपलेली मी कितीदा तरी पाहिली आहे. सायकलवर तो कधीही बसला नाही. "दोन चाकांवर कसरत करायला मी काय सर्कशीत आहे का?" असं म्हणून ट्रामने यायचा, खांद्यावर फुटबॉलने भरलेली जाळी. कडेला उभ्या राहून आपापल्या लेकींना सूचना देणाऱ्या बापांना तो जवळ जाऊन बजावायचा, "कोच मी आहे. तू तिचा बाप आहेस, तेवढंच नीट कर." एकदा तर त्याने भर मॅचमध्ये प्लॅस्टिकचा शंकू उचलून कुंपणाबाहेर भिरकावला होता, कारण एक बाप तिसऱ्यांदा सांगूनही गप्प बसेना. अशा माणसाचे शत्रू तयार व्हायला वेळ लागत नाही.

पण त्याची एक सवय अशी होती की मी दुसऱ्या कुठल्याही कोचमध्ये पाहिलेली नाही, ना इथे, ना आमच्याकडे. एखाद्या मुलीला बाहेर बसवायचं असलं की मॅचच्या आधी तो तिला बाजूला घ्यायचा, तो दुखरा गुडघा गवतावर टेकायचा, तिच्या डोळ्यांसमोर डोळे आणायचा आणि सांगायचा: आज तू पहिल्या हाफला नाहीस. का नाहीस, तेही सांगायचा. मग तिला काही विचारायचं असेल तर विचारू द्यायचा. उठताना तोंडातल्या तोंडात शिव्या घालायचा, गुडघ्याला. कितीही पाऊस असो, चिखल असो, हे चुकलं नाही.

मला हे कळलं तेव्हा मी भांडायलाच गेले होते. ईराला त्याने बाहेर ठेवलं होतं. मी काउंटर सोडून एप्रनसकट मैदानावर गेले आणि विचारलं, "माझ्या मुलीने तुमचं काय घोडं मारलंय?"

"सरावाला सलग दोनदा उशिरा आली. तिला सांगितलंय."

"तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"बाहेर तू बसणार आहेस का?" तो म्हणाला. "जी बसणार तिला सांगितलं."

मी एप्रन झटकत काउंटरला परत आले. घरी येऊन ईराला विचारलं तर ती शांतपणे सँडविच खात म्हणाली, "इट्स ओके आई, ही टोल्ड मी व्हाय." त्यानंतर ती कधी उशिरा गेली नाही. मी दारात सायकल धरून उभी राहायच्या आधी ती बाहेर असायची.

ही सवय कुठून आली ते त्याने एका शनिवारी सांगितलं. मॅच पावसाने रद्द झाली होती आणि कॅन्टीनमध्ये आम्ही दोघंच होतो. ग्लासगोजवळच्या कुठल्या तरी गावात तो सतराव्या वर्षी एका मोठ्या क्लबाच्या तरुण टीममध्ये होता. घरात, गल्लीत, शाळेत सगळ्यांना त्याचा अभिमान. एका सकाळी सरावाला गेला तर फाटकावरच्या म्हाताऱ्याने त्याचे बूट पिशवीत घालून त्याच्या हातात दिले. बास. आत जाऊ दिलं नाही. कुणी बाहेरही आलं नाही. तो फाटकाबाहेर दुपारपर्यंत उभा राहिला, कारण घरी जाऊन बापाला काय कारण सांगायचं तेच त्याला कळेना. बाप विचारत राहिला, काय केलंस तू? चोरी केलीस? कुणाला मारलंस? मरेपर्यंत बापाला वाटत होतं की पोराने काहीतरी लपवलं.

पुढे हॉलंडच्या पूर्वेकडच्या एका छोट्या क्लबात तो खेळायला आला, गुडघा गेला, कोच झाला. मग नॉर्वे, मलेशिया, आखात. कोचची नोकरी म्हणजे कधी ना कधी जाणारच, त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार होती ती जायच्या पद्धतीबद्दल. नॉर्वेत त्याला टॅक्सीवाल्याने सांगितलं. मलेशियात हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, सर, तुमची खोली उद्यापासून नवीन कोचच्या नावावर आहे. आखातात तर तो टीमच्या बसमध्ये चढला आणि त्याच्या सीटवर दुसराच माणूस बसलेला. हे सांगताना त्याचा आवाज चढत गेला आणि शेवटी त्याने मूठ अशी आपटली की साखरेचा डबा खाली पडला.

"हरलो म्हणून काढलं असं सांगा. दारू पितो म्हणून काढलं म्हणा, खोटं असलं तरी चालेल. तोंड आवडत नाही म्हणा. पण कारण द्या! माणसाला घरी न्यायला काहीतरी द्या!"

"आणि गुडघा का टेकता?" मी विचारलं.

"वाईट बातमी ऐकताना पोराला मान वर करायला लागू नये," तो म्हणाला आणि साखर गोळा करायला वाकला.

आता त्या मॅचकडे येते. मोसमाचा शेवट होता, जिंकलो तर आमच्या पोरी पहिल्या. आमच्या टीममध्ये सगळ्यात जास्त गोल करायची ती सानवी. तिचा बाप धनंजय, झुइडासमध्ये एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पुण्याचा. माणूस वाईट नाही, गणपतीला सगळं मंडळ तोच सांभाळतो. पण मुलीचा फुटबॉल म्हणजे त्याला प्रवेश परीक्षेचा क्लास वाटायचा. कुठल्या मोठ्या क्लबाची माणसं निवडीसाठी कधी येतात ते त्याला तोंडपाठ. आणि त्या मॅचला तशी दोन माणसं येणार होती.

आदल्या सरावात आमची गोलकीपर लोटे हिच्या हातातून एक साधा बॉल निसटून गोलमध्ये गेला. लोटे जरा जाडजूड, घाबरट पोर. सानवी तिच्यासमोर पोट धरून हसली आणि तिने तिची नक्कल केली, दोनदा. डगीने ते दोन्ही वेळा पाहिलं. मॅचच्या दिवशी सकाळी त्याने सानवीला बाजूला घेतलं, गुडघा टेकला आणि सांगितलं. तू लोटेला हसलीस म्हणून आज पहिल्या हाफला बाहेर. दुसऱ्या हाफला खेळशील. पुढच्या मॅचला पहिल्यापासून. काही विचारायचंय? सानवीने मान हलवली आणि ती गुपचूप जाऊन बाकावर बसली. तिला पटलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पटलं नाही ते धनंजयला.

पहिल्या हाफला आमच्यावर दोन गोल झाले. दुसऱ्या हाफला सानवीने एक फेडला. हरलो. निवडीची माणसं हाफ टाइमलाच निघून गेली होती.

धनंजयचा दुसऱ्या दिवशी मला फोन. "वहिनी, तुम्ही पण आमच्या बाजूने बोला. पोरीचा चारचौघांत अपमान केला त्याने. आपल्या माणसांनी एक राहायला पाहिजे."

"आपली माणसं म्हणजे कोण रे, धनंजय?"

"अहो, म्हणजे आपण. मराठी."

"आणि ती लोटे कुणाची? तिच्यावर हसत होती तेव्हा तू कुठे होतास?"

"मुलं आहेत वहिनी, हसणारच. पण हा मोठा माणूस आहे ना? त्या दोन माणसांसमोर पोरगी बाकावर बसली. तिची संधी गेली त्याचं काय?"

त्याचा आवाज खरंच भरून आला होता, हेही सांगते. पण मी म्हटलं, तुझ्या पोरीला विचार तिला काय वाटतं ते. तो म्हणाला, तिला काय कळतंय. मी फोन ठेवला.

मग क्लबात बैठक झाली. डच बैठक म्हणजे सगळे गोल करून बसणार, प्रत्येकाला कॉफी आणि एकच बिस्किट, आणि प्रत्येकाने आपलं मत सांगायचं. कुणी म्हणालं, पद्धत जुनी आहे. कुणी म्हणालं, मुलींना सुरक्षित वाटायला हवं. शंकूवाला बाप तर तोंडसुख घ्यायलाच आला होता. लोटेच्या आईने आणि मी डगीची बाजू घेतली. माझं इंग्रजी रागाने अडखळत होतं, तरी मी म्हटलं की हा माणूस पोरींशी जितका सरळ वागतो तितकं या खोलीतलं कुणी एकमेकांशी वागत नाही. काही जण हसले. डगी एवढंच म्हणाला, "मी पोरीला तोंडावर सांगितलं. तुमची जास्त चांगली पद्धत असेल तर सांगा." कुणी सांगितली नाही. क्लबचा अध्यक्ष योस्ट हात जोडल्यासारखे करून म्हणाला, आम्ही विचार करतो आणि तुझ्याशी बोलतो.

बोलतो म्हणाला. सगळ्यांसमोर. मी ऐकलं आहे.

उन्हाळ्याची सुट्टी संपली, नवीन मोसमाचा पहिला शनिवार आला. सकाळी मी काउंटरला, आणि माझ्या फोनवर क्लबच्या ॲपमधला निरोप: मुलींच्या टीमसाठी नवीन प्रशिक्षक, स्वागत करा. बाहेर बघते तर एक तरणाबांड पोरगा हातात टॅबलेट घेऊन मैदानावर उभा. योस्ट कॉफी घ्यायला आला तेव्हा मी विचारलं, "डगीला सांगितलंत ना?"

"ॲपवर आहे ना सगळं."

"त्याच्याकडे बटणांचा फोन आहे, योस्ट. हे अख्ख्या क्लबाला माहीत आहे."

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, प्रशिक्षण समितीने सांगितलं असेल. प्रशिक्षण समितीतली बाई शेजारीच उभी होती. ती म्हणाली, नाही, आम्हाला वाटलं युवा समिती सांगेल. युवा समितीचा माणूस म्हणाला, हा तर कार्यकारिणीचा निर्णय. माझ्या डोक्यात तिडीक गेली. हेच ते लोक, जे इथे आल्या दिवसापासून मला ऐकवतायत की आम्ही डच फार स्पष्ट, पोटात एक ओठात एक आम्हाला जमत नाही! माझी भाजी तिखट आहे, माझी मुलगी जास्त बोलते, माझा कोट जुना आहे, हे सगळं माझ्या तोंडावर सांगून झालंय यांचं. आणि एका म्हाताऱ्या माणसाला एक वाक्य सांगायला तीन समित्यांत एक जीभ नव्हती.

"कारण काय दिलंत?" मी विचारलं.

"तसं एक कारण नाही," योस्ट म्हणाला. "एकूण वातावरण."

"वातावरण? पाऊस पडत होता का?"

तो उत्तर देणार तेवढ्यात खिडकीतून डगी दिसला. ट्राम स्टॉपकडून पाय ओढत येत होता, खांद्यावर बॉलची जाळी, हाफ पँट. कॅन्टीनमध्ये सगळ्यांनी त्याला पाहिलं आणि सगळ्यांनी आपापल्या कॉफीत डोकं घातलं. धनंजयसुद्धा होता. तो फोन कानाला लावून मागच्या दाराकडे गेला. बाहेर जायला एक माणूस हलला नाही. मी एप्रन सोडलाच नाही, तशीच बाहेर पळाले आणि मैदानाच्या कडेला त्याला गाठलं.

"डगी, त्यांनी तुम्हाला काढलंय. तिथे उभा आहे तो नवा कोच. आज सकाळी ॲपवर आलं."

त्याने त्या पोराकडे पाहिलं. जाळी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली.

"का?"

"सांगण्यासारखं काही दिलेलं नाही त्यांनी." योस्टचं ते 'वातावरण' मी त्याच्यापर्यंत नेणार नव्हते. "तुम्ही आत चला. मी येते बरोबर. एकेकाची गचांडी धरून विचारू."

"नको," तो म्हणाला. "पोरींना सांगितलं कुणी?"

"नाही."

मग मात्र त्याचा चेहरा असा झाला की तो आता आत जाऊन टेबलं उलटी करणार असं मला वाटलं. मला ते हवंच होतं. माझा थोडा राग त्याच्यावरही आहे तो यासाठीच, की त्याने ते केलं नाही. तो सरळ मैदानावर गेला. नव्या कोचने शिट्टी तोंडाशी नेली होती, ती त्याने खाली घेतली. डगी पहिल्या मुलीपाशी गेला आणि त्याने गुडघा टेकला. तिच्याशी बोलला, उठला, दुसरीपाशी गेला, पुन्हा टेकला. प्रत्येकीसमोर. निम्म्यावर आल्यावर उठताना त्याला हाताचा आधार घ्यावा लागत होता. लोटे रडायला लागली तर तो तिच्यापाशी जास्त वेळ थांबला. सानवीने त्याच्या गळ्यात हात टाकले. काचेआड सगळे उभे राहून बघत होते आणि अजूनही कुणी बाहेर येत नव्हतं. शेवटी ईरा होती. तिच्यासमोरून उठला, बॉलची जाळी तिथेच राहू दिली, आणि चिखलाने माखलेल्या गुडघ्याने ट्राम स्टॉपकडे चालायला लागला. मी हाक मारली. त्याने मागे न बघता हात वर केला.

घरी जाताना सायकलवर मी ईराला विचारलं, काय म्हणाला तो?

"म्हणाला, आज मी टीममध्ये नाहीये. तुमच्यामुळे नाही. तुम्ही नीट खेळा."

"आणि?"

"मग तो म्हणाला, काही विचारायचंय? मी विचारलं, व्हाय? तो नेहमी सांगतो ना, आई. पण ही डझन्ट नो. म्हणाला, मला अजून कुणी सांगितलं नाही. कळलं की तुझ्या घरी येऊन सांगतो."

तो अजून आलेला नाही. म्हणजे अजून कुणी त्याला सांगितलेलं नाही.